आखाजीला निघालेलं बिऱ्हाड

अक्का,

घरात सगळे म्हणतायत, अक्का समाधानाने गेली. झोपेत गेली, कुणाला त्रास दिला नाही, कुणाकडून काही करून घेतलं नाही, भाग्याची होती. येणारी प्रत्येक बाई दारात चप्पल काढता काढता हेच म्हणते आणि मी मान हलवते. तुझा दहावा अजून व्हायचाय म्हणून मी धुळ्यात तुझ्याच घरी आहे, आणि मान हलवून हलवून आता मला वीट आलाय. तू समाधानाने गेली नाहीस. या घरात हे फक्त मला माहीत आहे, कारण अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीच्या दिवशी, त्या गाडीत तुझ्या शेजारी मी बसले होते.

गाडी अंगणात तशीच उभी आहे. काल तुझा प्रशांत तिच्याभोवती फिरून आला, दार उघडून आत डोकावला, आणि मला विचारलं, "मावशी, आईच्या मोटरहोमचं काय करायचं?" पुण्याला राहून त्याला सगळ्याची नावं माहीत असतात. भाऊजी होते तेव्हा ती वऱ्हाडाची गाडी होती. लग्नसराईत चोपडा, शिरपूर, साक्री करत फिरायची, आणि दोन लग्नांच्या मध्ये रिकाम्या रस्त्यावर भाऊजींनी तुला ती चालवायला शिकवली. ते गेल्यावर ती चांगली दोन-तीन वर्षं अंगणात उन्हात उभी होती. मग एक दिवस तू सुताराला बोलावून मागच्या सगळ्या सीटा काढायला लावल्यास, पलंग बसवलास, गॅसचा ओटा केलास, छोटं बेसिन लावलंस आणि पलंगाखाली पाण्याची मोठी टाकी बसवून घेतलीस. आम्हाला वाटलं, म्हातारपणी अक्काला फिरायची हौस आली. नर्मदेवर जाणार, मुक्ताईनगरला जाणार, असं तू सांगायचीस. मी त्या गाडीला बिऱ्हाड म्हणायची आणि तू हसायचीस. कशासाठी केलंस हे सगळं, ते मात्र तू मला आखाजीच्या आदल्या दिवशीपर्यंत सांगितलं नाहीस.

मी सांगते आता, कारण घरातल्या नव्या सुनांना यातलं काही माहीत नाही आणि त्या मला खोदून खोदून विचारतायत. आबा गेल्यावर नानाने आपल्या दोघींपुढे हक्कसोडाचा कागद ठेवला. मी सही केली. मला त्याचं वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. भाऊ एकच, त्याने ती जमीन कसली होती, आणि माझं पहूरला बरं चाललं होतं. तू पेन हातात घेतलं, कागद वाचलास आणि पेन खाली ठेवलंस. मी काही मागत नाही, पण सोडतही नाही, एवढंच म्हणालीस. मागत नाहीस तर सोडायला काय हरकत आहे, हे नानाला कळलं नाही, वहिनीला कळलं नाही आणि खरं सांगू का, मलाही कळलं नाही. नानाने ते मनाला लावून घेतलं. अक्काचा माझ्यावर विश्वास नाही, असं तो गावभर सांगत सुटला. पुढच्या आखाजीला मला न्यायला नानाचा मुलगा मुराळी म्हणून पहूरला आला आणि तुझ्याकडे धुळ्याला कुणीच गेलं नाही. त्यानंतर कधीच गेलं नाही.

आखाजीला मुराळी न येणं म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला कसं समजावणार? शेजारपाजारच्या सगळ्या लेकी पिशव्या भरून माहेरी निघतात आणि आपण दारात उभं राहून, मला यंदा बरं नाही, असं सांगायचं. तू वर्षानुवर्षं हेच सांगितलंस. शेजारणींना वाटायचं, अक्काची तब्येत नेमकी वैशाखातच कशी बिघडते. मी दरवेळी माहेराहून परत आले की तू फोन करून विचारायचीस, झोका कुठल्या झाडाला बांधला होता, आबांच्या नावाने पितरांची घागर कुणी भरली, खापरावरच्या पोळ्या कुणी केल्या. नाना कसा आहे, हे कधी विचारलं नाहीस. आणि मी दरवेळी तेच म्हणायची, की अक्का, सही करून टाक, एका कागदाने काय होतं. तू फोन ठेवून द्यायचीस. आपलं हे भांडण इतकी वर्षं एकाच जागी उभं होतं.

यंदा आखाजीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी माझ्या दारात हॉर्न वाजला. धुळ्याहून जळगाव ओलांडून तू उलटा फेरा घेऊन पहूरपर्यंत आली होतीस. कपाळावर घामाने कुंकवाच्या जागी धूळ चिकटलेली, पदर कमरेला खोचलेला, आणि वर मान करून मला म्हणालीस, "चाल बेबी, यंदा तुन्हा मुराळी मी शे."

मी विचारलं, नानाने बोलावलंय का. तू म्हणालीस, नाही. मग उतरणार कुठे, असं विचारल्यावर तू गाडीच्या पत्र्यावर हात ठेवलास.

"माले त्यान्हा घरमा पाय नही ठेवना. मन्हं घर मन्हासंगे शे."

तेव्हा मला त्या पलंगाचा आणि त्या ओट्याचा अर्थ लागला. तू भावाच्या दारात जाणार होतीस, पण त्याच्याकडून काही घेणार नव्हतीस. आबांची घागर दुपारी बारापर्यंत भरतात, त्या घागरीला हात लावायचा, पाया पडायचं, आपल्याच गाडीत स्वयंपाक करायचा, आपल्याच पलंगावर झोपायचं आणि सकाळी परत फिरायचं. मी आत चढून पाहिलं तर उभं राहायला जागा नव्हती. दोन गॅसच्या टाक्या, गव्हाच्या पिठाचा डबा, पाटा-वरवंटा, पोळ्यांचं मातीचं खापर गोधडीत गुंडाळलेलं, आंब्यांच्या दोन पेट्या, आणि पलंगाखालची टाकी तोंडापर्यंत भरलेली. मी म्हटलं, अगं पाणी तरी गावात मिळेल. "त्यान्ही विहीरनं पाणी नको माले," म्हणालीस, "पाणी बी आपलंच लिसन जाऊत." एका घोटासाठीसुद्धा त्याच्यासमोर हात पुढे करायचा नाही, म्हणून तू अख्खी टाकी पाठीवर घेऊन निघाली होतीस. आजही मला तुझ्या या हट्टाचा राग येतो. तू गेलीस म्हणून तो कमी झालेला नाही.

त्यात भाऊजींचा नियम. उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवायची, नाहीतर उन्हाने हवा फुगते आणि टायर फुटतो. सकाळी निघताना तू चारी चाकांची हवा थोडी थोडी सोडलीस. प्रशांत त्याच वेळी फोनवर होता. तो ओरडून सांगत होता, "आई, हवा कमी केली की टायर जास्त तापतो, उलट आहे ते सगळं." तू म्हणालीस, पुण्यात बसून त्याला जळगावचं ऊन काय कळतं. टायर जुने आहेत, असं मी म्हटलं तर तू बोट टायरच्या खाचेत घालून दाखवलंस, की नक्षी बघ, नवी आहे अजून. नक्षी नवीच होती. गाडी उभ्यानेच म्हातारी झाली होती.

नेरी गाव सोडलं आणि मागचं डावं चाक बसलं. तो पहिला टायर होता आणि खरं सांगते, तेवढा वेळ मला बरं वाटलं होतं. स्टेपनी होती, जॅक होता, वाटेवर बाभळीची थोडी सावली होती. नट काही केल्या हलेनात. मग तू पाना लावलास, एका हाताने गाडीला धरलंस आणि त्या पान्यावर दोन्ही पायांनी चढून उभी राहिलीस. या वयात. मी छत्री धरून उभी, तू पान्यावर नाचतेस, आणि समोरून जाणारा केळीचा ट्रक वेग कमी करून आपल्याकडे बघत गेला. नट एकदम सुटला आणि तू माझ्या अंगावर आलीस. दोघी रस्त्याच्या कडेला बसून हसलो, लुगड्यांना माती लागली तरी हसलो. आई गेल्यापासून आपण दोघी अशा हसलो नव्हतो. हा एवढा एक क्षण तू मला दिलास, त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे, आणि तो माझ्याकडून कुणी घेऊ शकत नाही.

पण ती स्टेपनी भाऊजींच्या वेळची. तिच्यातही तू हवा कमीच ठेवली होतीस. जळगाव मागे पडलं, विदगावचा पूल ओलांडला, तापीत पाणी होतं तेवढं बघून घेतलं, आणि धानोरा मागे टाकून अडावदकडे निघालो तेव्हा बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. तू गाडी सांभाळलीस, वाकडीतिकडी होत का होईना रस्त्याच्या खाली घेतलीस. खाली उतरून बघितलं तर टायर म्हणून काही उरलं नव्हतं, नुसत्या चिंध्या. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, रस्त्यावर माणूस नाही, सगळी आपापल्या घरी आखाजीला बसलेली. बारा वाजायला अजून अवकाश होता. आणि नानाचं गाव गाडीने तिथून पाव तासावर होतं.

मी म्हटलं, अक्का, नानाला फोन करते. त्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, माणसं आहेत, तो येऊन घेऊन जाईल, आपण घागरीला पोहोचू. तू मोबाईल माझ्या हातातून काढून घेतलास. मी म्हटलं, बरं, निदान टाकीचं पाणी तरी सोडून दे, वजनानेच टायर गेले. तू म्हणालीस, मग तिथे काय प्यायचं, त्याच्या घरचं? मी चिडले. चांगली चिडले. भर उन्हात आपण दोघी म्हाताऱ्या तारस्वरात भांडलो. सही करायची नाही, बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही, मग जातेस कशाला त्याच्याकडे, असं मी तुला विचारलं.

तेव्हा तू पहिल्यांदा ते सांगितलंस. गाडीच्या सावलीत बसून, माझ्याकडे न बघता. सही केली की मी त्या घरची पाहुणी झाले, असं म्हणालीस. पाहुणीला बोलावलं तर जाता येतं. मला न बोलावता जाता यायला पाहिजे.

 याचं उत्तर मला आता सुचलंय, पण ऐकायला तू नाहीस. न बोलावता जाणारी बाई पाण्याची टाकी घेऊन जात नाही, अक्का. घरची असती तर सरळ माजघरात जाऊन माठातलं पाणी प्यायली असतीस आणि वहिनीला म्हणाली असतीस, माठ बदल, पाणी गार होत नाही. तुलाच खात्री नव्हती. हे मला तुला तोंडावर सांगायचं होतं आणि तू ती संधी ठेवली नाहीस.

पायी मागे जाऊन मी पंक्चरवाला शोधला. दुकान बंद, आणि तो मागच्या लिंबाखाली चौघांत पत्ते खेळत बसलेला. आखाजीच्या दिवशी पत्त्यांना कुणी नाव ठेवत नाही हे मलाही माहीत आहे. "हाऊ डाव व्हवू द्या मावशी, लगेच येस," म्हणाला. तो डाव झाला, मग दुसरा लागला. हरणारे उठू देईनात. मी त्या लिंबाखाली उभी राहून चार पुरुषांचे पत्ते बघत होते आणि तिकडे आबांच्या घागरीची वेळ चालली होती. तो आला तेव्हा ऊन डोक्यावरून ढळलं होतं. जॅक लावला तर जॅक मातीत रुतला. "इतलं वजन कसाले भरं?" म्हणून त्याने आत डोकावलं आणि सांगितलं, टाकी रिकामी केल्याशिवाय चाक उचलणार नाही.  तूच खाली वाकून तोटी सोडलीस. धुळ्याहून वाहून आणलेलं सगळं पाणी केळीच्या बांधाला वाहून गेलं आणि तू ते शेवटपर्यंत बघत उभी राहिलीस. त्याने कुठूनसा एक जुना टायर आणून चढवला. तू मला वेळ विचारली नाहीस. मग मला कळलं, की तुला वेळ माहीत आहे.

नानाच्या दारात पोहोचलो तेव्हा घागर झाली होती. जेवणंही झाली होती. अंगणात उष्ट्या पत्रावळी पडलेल्या. शेजारच्या चिंचेला झोका बांधलेला, पोरी गाणी म्हणत होत्या, त्या गप्प होऊन गाडीकडे बघायला लागल्या. नाना ओट्यावर आला. बनियनवर होता. त्याने गाडीकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं. तू स्टिअरिंगला धरून बसली होतीस, खाली उतरली नव्हतीस. मला वाटलं, आता तो पायरी उतरेल. एवढंच करायचं होतं त्याला.

"अक्का, गाडी जराशी पुढे ले," तो म्हणाला. "दारमा ट्रॅक्टर येस."

आतून वहिनीचा आवाज आला, "चहा ठेऊ का?" बाहेर मात्र ती आली नाही.

तू गाडी पुढे घेतलीस, मारुतीच्या पारापर्यंत. मी उतरून घरात गेले. मला तहान लागली होती, मी माठातलं दोन तांबे पाणी प्यायले. तू प्यायली नाहीस. मी तांब्या भरून गाडीत आणला तर तू तो माझ्या हातात परत दिलास. मग तू पाराजवळच गाडी वळवलीस. खापर गोधडीतून बाहेर निघालं नाही, आंबे पेटीतच राहिले, नर्मदा राहिली, मुक्ताईनगर राहिलं. मला पहूरला सोडून तू धुळ्याला गेलीस आणि फोनवर पुन्हा त्या दिवसाचं नाव काढलं नाहीस.

आणि आता परवाची गोष्ट.

तुला बाहेर आणून ठेवलं होतं. प्रशांत पोहोचला होता, तिरडी बांधून झाली होती. तरी भावकीतले जाणते म्हणाले, माहेरची साडी आल्याशिवाय बाईला उचलायचं नाही. ज्या माहेराने तुला एक तांब्या पाणी बाहेर आणून दिलं नाही, त्याच्यासाठी तुला ताटकळत ठेवलं. मी म्हटलं, चला उचला, तिला माहेर नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही अभद्र बोलले.

पण नाना आला. अमळनेरमार्गे, गाडी हाणत आला. धावत आत आला आणि तुझ्या पायाशी असा रडला की बायका डोळे पुसायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, भाऊ असावा तर असा. त्याच्या मुलाने त्याच गर्दीत प्रशांतच्या खांद्यावर हात ठेवून हळूच सांगितलं, की दहावा झाला की एकदा बसू, ते कागदाचं मिटवून टाकू. प्रशांतने मान हलवली. तो सही करेल, अक्का. त्याला पुण्यात घराचे हप्ते भरायचेत, चोपड्याकडची जमीन कुठे आहे हेही त्याला दाखवावं लागेल.

वहिनीने पिशवीतून साडी काढली. फिक्या जांभळ्या रंगाची, बारीक काठाची, तू दुकानात स्वतः निवडली असतीस अशी. एवढ्या घाईत अशी साडी कुठे मिळाली, असं मी विचारलं. खोचकपणेच विचारलं. वहिनी खाली बघून म्हणाली, "आखाजीलेच लयेल व्हती. देवानी ऱ्हाई गयी."

म्हणजे तू पाराजवळ गाडीत बसली होतीस तेव्हा ही साडी त्या घरात कपाटात होती. तुझ्यासाठी आणलेली, द्यायची राहिलेली. त्याला कुणी सांगितलं होतं की तू येणार आहेस? की तो दरवर्षी घेत होता? मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि तो हो म्हणाला असता, तर मी त्याला तिथेच मारलं असतं. साडीची घडी मी मोडली. मी आणि वहिनीने मिळून ती तुझ्या अंगावर घातली, आणि पदर तुझ्या डोक्यावरून घेताना मला तुझाही इतका राग आला की मी तो जरा जोरातच ओढला.

स्मशानातून सगळे परत आले. नाना आंघोळ करून मागच्या दारी माझ्याजवळ येऊन बसला.  मग म्हणाला, "बेबी, अक्का मन्हाबद्दल काही बोलनी व्हती का?"

बोलली होतीस. परत येताना, तापीच्या पुलावर. सगळ्या वाटेत तेवढं एकच बोललीस. समोर रस्त्याकडे बघत म्हणालीस, "नाना कितला वाळी गया ना, बेबी. त्यान्हाकडे ध्यान दे."

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. खरंच वाळलाय तो, गळ्याची हाडं दिसतात. तुला एका नजरेत, गाडीच्या काचेतून दिसलं ते मला दरवर्षी तिथे जाऊन दिसलं नव्हतं.

"नही," मी म्हटलं. "काहीच नही बोलनी."

तो उठून गेला. मला माहीत आहे, तू असतीस तर माझ्यावर ओरडली असतीस. ओरड. मी त्याच्याकडे लक्ष देईन, त्याला जळगावला चांगल्या डॉक्टरकडे नेईन, तू सांगितलंस तेवढं सगळं करीन. पण तू त्याच्याबद्दल काय बोललीस, ते मी त्याला सांगणार नाही.